दिवेलागणीचा वास

अत्तराच्या दुकानात शिरणारा पुरुष आधी मागे वळून बघतो. रस्त्यावर ओळखीचं कोणी नाही, याची खात्री झाली की पायरी चढतो आणि भलतंच काहीतरी मागतो. कापूर द्या, उदबत्ती द्या, बुक्का द्या. पुडी बांधून झाली की मग आवाज बारीक करून म्हणतो, "ते... लावायचं काही असंन तं दाखवा ना जी." भंडाऱ्याच्या बाजारात मी जन्मभर हे ऐकलं. आता दुकान पुतण्याकडे आहे आणि तो स्प्रेचे डबे विकतो. मी त्याला काही म्हणत नाही. म्हणजे रोज म्हणतो, पण तो ऐकत नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुनेदार. आसगावचे एक धानवाले होते, ते शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, आधी बैलांसाठी केवडा न्यायचे. स्वतःच्या अंगाला कधी थेंब लावला नाही त्यांनी. जवाहरनगरचे एक फॅक्टरीतले गृहस्थ माझ्याकडे वास न येणारं अत्तर मागायचे. बायकोला नवऱ्यानं अत्तर लावलेलं आवडायचं आणि साहेबाला चालायचं नाही. मी त्यांना नुसतं तेल दिलं. बायको आणि साहेब दोघंही खूश होते, असं कळलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अत्तर म्हणजे फुलं. तसं नाही. आमच्यात अत्तराची दोन घराणी: थंड आणि गरम. वाळा, केवडा, गुलाब, मोगरा हे थंड, उन्हाळ्याचे, दिवसाचे. हिना, केशर, ऊद हे गरम, थंडीचे, संध्याकाळचे. पुरुष बहुतेक गरमच मागतो, पण हिना त्याला म्हाताऱ्यांचा वाटतो आणि ऊद परवडत नाही.

जिल्ह्याचे दोन झाले, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कचेरीच्या कामाला येणारं तिकडचं गिऱ्हाईक एकदम आटलं. संध्याकाळी मी दुकानात माश्या मारत बसायचो. त्या रिकामपणात मी एक अत्तर केलं. आपल्या भागातल्या पुरुषाला खरा कुठला गरम वास माहीत असतो, तर मोहाचा. रात्री टपटप पडलेली मोहाची फुलं, अंगणात वाळत घातलेली, मडक्यात भिजलेली, आणि शेवटी हातभट्टीतून उतरलेली. मी वाळलेला मोह चंदनाच्या तेलात मुरवला, फुलं काढली, नवी घातली, असं कितीदा तरी केलं. त्यात जायफळ, नागरमोथा, तंबाखूच्या पानाचा अर्क आणि जुन्या काळ्या गुळाचा वास येईल असं थोडं काही, जे मी अजूनही कोणाला सांगत नाही. शिशी उघडली की मोहाच्या दारूचं झाकण काढल्यासारखं व्हायचं. आणि मग ती दारू हळूहळू सभ्य होत जायची.

लोकांनी नावं ठेवली. भल्या माणसाच्या अंगाला दारूचा वास कशाला, म्हणाले. त्या अत्तराला एकच कायमचं गिऱ्हाईक मिळालं, कारध्याचा डोमाजी.

डोमाजीची वैनगंगेच्या काठाला भाजीची वाडी. वांगी, टमाटे, कोथिंबीर घेऊन रोज पूल ओलांडून भंडाऱ्याला यायचा, विकून झालं की दिवेलागणीला परत. एके काळी तो पक्का पिणारा होता. मग गावच्या भजनमंडळात गेला, गळ्यात माळ घातली आणि सोडली ती सोडलीच. खंजेरी छान वाजवायचा, असं सगळे म्हणतात. दुकानात आला तेव्हा त्यानं मागे वळून पाहिलं नाही. उभा राहिला आणि नाक वर केलं.

"हे काय होय जी?"

मी मनगटावर लावून दिलं. त्यानं डोळे मिटले. "दिवसा काही वाटत नाही," म्हणाला. "पण संध्याकाळी पुलावर आलो का पाय भट्टीकडंच वळते. सोबती हाका मारते. हे असं कानात राहिलं तं माणूस घरी पोचते."

तेव्हापासून तो भाजी विकून झाली की यायचा, मी अत्तरात भिजवलेला कापसाचा फाया द्यायचो, तो कानाच्या पाळीत खोचायचा, थोडं बोट मानेवर फिरवायचा आणि निघायचा. भजनाला जाण्याआधी मान घासून धुवायचा, कारण माळकऱ्याच्या अंगाला असला वास म्हणजे पंचाईत. पण चंदनाच्या तेलातलं अत्तर धुतल्यानं जात नाही. मी त्याला सांगितलं होतं. तो हसला होता.

एक दिवस त्याची बायको सुभद्राबाई दुकानात शिरली. टोपली खाली आपटली.

"तुमीनं माह्या नवऱ्याले काय पाजलं?"

"मी कोणाला पाजत नाही, बाई. अत्तर आहे ते."

"मले अत्तर नोका सांगू. पंधरा वर्सं दारूसोबत संसार केला मी. वास ओळखते."

मी तिचं मनगट मागितलं. देईना. शेवटी बोट पुढे केलं, त्यावर थेंब ठेवला. तिनं हुंगलं. "दारूच हाये." आणि मी काही म्हणायच्या आत बोट जिभेला लावलं. तिचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. थुंकली, पदरानं जीभ पुसली, परत थुंकली.

"कडू जहर हाये," म्हणाली. मग जरा वेळानं, "लावू द्या मंग. पिऊ नाही शकत कोणी हे." जाताना मला चार वांगी देऊन गेली.

हे असं बरंच चाललं. मग एका भादव्यात, नदी फुगून पुलाच्या जवळ आलेली, डोमाजी संध्याकाळी माझ्याकडून फाया घेऊन गेला आणि घरी पोचला नाही. जुन्या पुलाला कठडा नाही. ओल्या दगडावरून पाय घसरला असावा. सकाळी खालच्या अंगाला झुडपांत अडकलेला सापडला.

पुढचं मला सुभद्राबाईनं सांगितलं, तेरवी झाल्यावर दुकानात येऊन. या वेळी तिनं टोपली आपटली नाही.

डोमाजीला काठावर आणलं तेव्हा पाच-पन्नास माणसं जमली होती, आणि सगळ्यांना मोहाचा वास आला. मंडळाचे म्होरके कवडूजी वाकले, हुंगले आणि उठून उभे राहिले. त्यांच्या मंडळाचा रिवाज असा, की माळकरी गेला तर माळेसकट जातो आणि मंडळ टाळमृदंगानं त्याला नदीपर्यंत पोचवतं. कवडूजींनी डोमाजीच्या गळ्यातली माळ काढून घेतली. टाळ वाजले नाहीत. नाही म्हणायला सरकारी कागदावर पाण्यात बुडून मेला असंच होतं, पण गावाला कागद नको होता, नाक होतं.

"मी सांगतलं सगळ्यायले, अत्तर होय म्हणून," ती म्हणाली. "हासले. म्हणे दारूचं अत्तर कोणी बनवते का."

असं अत्तर बनवणारा मी एकटाच होतो.

"तेच्यासाठी नाही आली मी," ती खाली बघत म्हणाली. "ते येते जी, भाऊ."

"कोण येतं?"

"प्रकाशचा बाबा. रोज दिवेलागणीले. वास येते. सून भेली, पोराले घेऊन माहेरी गेली. प्रकाश म्हणते, बाहेरचा कोणी मांत्रिक आणू अन् घर मंतरून बांधून घेऊ. मी म्हणलं थांब. तुमी या एकडाव. तुमचं नाक हाये. तुमी सांगा मले, दारू हाये का अत्तर."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. पण आयुष्यभर एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला, ती म्हणजे नाक, आणि बाई त्याच गोष्टीची साक्ष मागत होती. शिवाय मला वाटलं, घरात कुठेतरी एखादा जुना फाया पडला असेल, सापडला की झालं. मी दुकान लवकर बंद केलं आणि स्कूटरनं पूल ओलांडून कारध्याला गेलो.

घर गावातल्या इतर घरांसारखंच. पुढे ओसरी, एका बाजूला हात-पाय धुवायची दगडी जागा, मागे वाडी आणि तिच्यापलीकडे नदी. प्रकाश, तिचा मुलगा, दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आत यायला तयार नव्हता आणि बाहेर जायलाही. मी आधी सगळं घर हुंगून काढलं. कोनाडे, गादी, कपड्यांचा दांडा, फळी. माझ्या अत्तराचा कुठे मागमूस नव्हता. शिशी तर त्याच्याकडे कधी नव्हतीच, तो रोजचा फाया न्यायचा.

गुरं घरी आली. सुभद्राबाईनं तुळशीपुढे दिवा लावला, मला चहा दिला, मग पाण्याचा एक लोटा भरून दाराशी ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. नदीकडून वारा येत नव्हता, हे मी मुद्दाम बघितलं.

आधी मला दारूच्या मडक्याचं झाकण काढल्यासारखा झणका आला.

इथे जरा धंद्यातलं सांगायला हवं. अत्तराचा वास एक नसतो, तो उतरत जातो. लावल्याबरोबर जो पहिला तीव्र झणका येतो त्याला आम्ही उठाव म्हणतो. चहाचा कप संपेपर्यंत तो उडून जातो. मग मधला वास, इथे गूळ आणि जायफळ. आणि शेवटी जे तासन्‌तास, दिवसन्‌दिवस राहतं ती बैठक. जुन्या कपड्यात, गादीत, लाकडात सापडते ती फक्त बैठक. उठाव येतो तो एकाच वेळी, अत्तर आत्ता, या घडीला कोणी लावलं असेल तर.

मला उठाव आला होता. ताजा. मग माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे नाकादेखत, तो उतरायला लागला. गूळ आला, जायफळ आलं. आणि तो जागेवर नव्हता. दारातून आला, प्रकाशच्या बाजूनं गेला, कारण त्यानं मान फिरवली, माझ्या समोरून गेला आणि हात-पाय धुवायच्या दगडापाशी थांबला.

एवढंही मी सहन केलं असतं. पण अत्तर शिशीत वेगळं असतं, कापसावर वेगळं आणि माणसाच्या कातडीवर वेगळं. अंगाच्या उबेनं ते फुगतं, त्यात त्या माणसाचा घाम मिसळतो, आणि म्हणून एकच अत्तर दोन माणसांना सारखं लागत नाही. डोमाजीनं माझ्यापुढे उभं राहून इतक्यांदा मानेला अत्तर लावलं होतं की त्याची कातडी मला पाठ होती. ओल्या कोथिंबिरीची, मातीची आणि त्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची, जो तो दारू सोडल्यावर जास्तच चघळायला लागला होता. ते सगळं त्या वासात होतं. गरम होतं. मला जो वास येत होता तो जिवंत, चालून आलेल्या, जरा घामेजलेल्या माणसाचा होता, आणि दगडापाशी कोणी नव्हतं.

मी हातातली बशी खाली ठेवली.

"आले," सुभद्राबाई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. दिवसभर वाट पाहून झाल्यावर बाई म्हणते तसं म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सांगा जी भाऊ. दारू हाये का अत्तर?"

मी म्हणालो, "अत्तर. माझंच."

"नीट सांगा."

"दारूला जायफळ नसतं, बाई. चंदन नसतं. अत्तरच आहे. शपथ घेतो."

ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला वाटलं, आनंदानं. तसं नव्हतं. "मलेबी भरोसा नव्हता," ती म्हणाली. "लोकायशी भांडली मी, अत्तर होय म्हणून. पण त्या रोजी बाजारात त्यायले जुने सोबती भेटले होते, असं कोणीतरी सांगतलं. तवापासून माह्याच मनात होतं, का पेलेच असंन. रोज येऊन रायले ते, अन् मी रोज मनात तेच म्हणून रायली."

त्यानंतर तो वास हळूहळू विरला, लावलेलं अत्तर विरतं तसाच. शेवटी बैठक उरली आणि मग तीही गेली. प्रकाशनं मला स्कूटरपर्यंत पोचवलं आणि विचारलं, "काका, आता बाहेरचा आणू का नोको?" मी त्याला म्हणालो, आधी तुझ्या बापाचं नाव साफ करू.

मला हे ठरवताना फार विचार करावा लागला नाही. माझं अत्तर लावलं म्हणून एका शब्द पाळणाऱ्या माणसाच्या गळ्यातली माळ काढली गेली, ही गोष्ट मला झोपू देईना. आणि खरं सांगायचं तर थोडा अहंकारही होता. माझ्या मालाला गावानं हातभट्टी ठरवलं होतं.

पुढच्याच दिवशी माझ्या आग्रहावरून कवडूजी आणि मंडळी नदीवर जमली. मी सांगितलं, कापडाचे दोन तुकडे घ्या. एकाला दारू लावू, एकाला अत्तर. दोन्ही रात्रभर नदीत बांधून ठेवू, जिथं डोमाजी होता तिथंच. सकाळी हुंगा.

"दारू कोठून आणायची?" कवडूजी म्हणाले. "आमी सगळे माळकरी."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तरी कुठूनशी बाटली आली, फार लवकर आली, आणि कोणी आणली हे कोणी विचारलं नाही. तुकडे भिजवले, खुंटाला बांधून धारेत सोडले. सकाळी कवडूजींनी स्वतः पाण्यात उतरून ते सोडवले. दारूचा तुकडा त्यांनी हुंगला, मग शेजारच्याला दिला. नदीचा वास होता त्याला, दुसरा काही नाही. मग दुसरा तुकडा नाकाशी नेला आणि त्यांचा हात तिथंच राहिला.

सुभद्राबाईनं तेव्हा पदराखालून डोमाजीचा दुपट्टा काढला. त्या दिवशी त्याच्या गळ्यात होता तो. मेलेल्या माणसाचे अंगावरचे कपडे घरात ठेवत नाहीत, पण तिनं तो चोरून मागच्या वाडीत, तोंड बांधलेल्या मडक्यात ठेवला होता, धुतला नव्हता. कवडूजींनी एक हुंगलं, दुसरं हुंगलं. दोन्हींत तोच मोह, तेच चंदन.

"चूक झाली आमची," ते म्हणाले. म्हातारा माणूस, काठावर मटकन खाली बसले. "माळ म्या तोडली. माह्याच हातानं."

त्यांनी ती चूक पुरी भरून काढली, हे सांगितलं पाहिजे. अख्खं मंडळ सुभद्राबाईच्या अंगणात बसलं. डोमाजीची खंजेरी मधे ठेवली, तिच्यावर नवी माळ. मी पण गेलो होतो. दिवेलागण झाली, टाळ लागले आणि भजनाच्या मधेच तो वास आला. या वेळी सगळ्यांना आला. कोणाचा ताल चुकला नाही, फक्त आवाज जरा खाली आले. वास खंजेरीपाशी थांबला, बराच वेळ थांबला. मग मंडळी उठली, टाळ वाजवत माळ नदीवर नेली आणि पाण्यात सोडली. जाताना वास आमच्यासोबत होता. येताना नव्हता.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं मला आधी अंघोळ करायला लावली.

थंडी पडली तेव्हा सुभद्राबाई दुकानात आली. टोपलीत वांगी होती. चेहरा उतरलेला. मी विचारलं, सून आली का?

"आली. पोरगाबी आला. घर भरलं आता. मंडळानं देवळात त्यायचा फोटो लावला."

"मग झालं की."

"होय जी." ती फळीवरच्या शिशांकडे बघत राहिली. "ते अत्तर द्या ना जरा."

मी शिशी उघडून पुढे केली. तिनं हुंगलं आणि मान हलवली. मी कापसावर लावलं. नाही. माझ्या मनगटावर लावलं, चोळलं, तिच्यापुढे धरलं. तिनं वाकून हुंगलं, फार वेळ हुंगलं. "हा तुमचा हाये," ती म्हणाली. "त्यायचा नोहे."

मी म्हणालो, "बाई, ते सुटले. त्यांच्यासाठी चांगलंच झालं."

"त्यायच्यासाठी झालं," ती म्हणाली. टोपली उचलून डोक्यावर घेतली, पायरीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. माझ्याकडे न बघता बोलली, रागानं नाही, साधंच.

"मी उगाच भांडली जी भाऊ. पिऊन आले असते तरी चाललं असतं मले. येत तं होते."